ओल्या फळ्या

“होडीत पाणी कुणी घातलं?”

अंगणातून संतोषचा आवाज आला आणि भाकरी थापणारे भाग्यश्रीचे हात परातीतच थबकले... तो ओरडला नव्हता. संतोष ओरडला तर घटकाभराने विसरून जाई. पण असा हळू बोलू लागला की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षात कळून चुकलं होतं. हात पुसत ती बाहेर आली. उलटी घालून ठेवलेल्या होडीशेजारी तो उकिडवा बसला होता. होडीच्या पुढच्या टोकाला, नव्या निळ्या फायबरच्या थरावर, बशीएवढा फुगा आला होता. त्याने तो टोचला होता आणि त्यातून तांबूस, कुबट वासाचं पाणी ओघळत होतं.

होडी तर अजून धरणात उतरलीच नव्हती. मग पाणी आलं कुठून? आतल्या लाकडातूनच. म्हणजे ज्या फळ्या अख्खा उन्हाळा ताडपत्रीखाली वाळतायत असं सगळे समजत होते, त्या वाळल्याच नव्हत्या.

“राकेश घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता, लाकूड खडखडीत वाळलेलं पाहिजे, ओल्या लाकडाला फायबर धरत नाही,” संतोष म्हणाला. “खालची माती ओली दिसायची, तेव्हा मला वाटलं मोरीचं पाणी असेल. सांगा ना, कुणी घातलं?”

ओसरीवर सासरे, गेनबा, चहा पीत बसले होते. भाग्यश्रीची नजर सहज त्यांच्याकडे गेली. बशी कलंडली होती, गरम चहा धोतरावर सांडत होता आणि म्हाताऱ्याला त्याचं भानच नव्हतं. डोळ्यांत अशी भीती, की चोरी करताना धरलेल्या पोराच्या डोळ्यांतसुद्धा नसावी... तिला सगळं कळलं. एका क्षणात कळलं.

“मी घातलं,” ती म्हणाली.

संतोषने मान वळवली.

“वास येत होता माशांचा. म्हणून पुढचं टोक धुतलं. एकदाच. मला काय माहीत की असं होईल...”

ते खोटं सहज खपून गेलं. ती भंडाऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. खराडीत एका ऑफिसात साफसफाईच्या कामाला आली, तिथे टेम्पो घेऊन येणाऱ्या संतोषशी ओळख झाली आणि ती या भोयांच्या घरात, खडकवासल्याच्या काठी येऊन पडली. तिला होडीतलं काय कळणार! संतोष उठून उभा राहिला आणि म्हणाला, “छान. आता जाळ्यालाही इस्त्री करून ठेव.”

त्या दिवशी त्याने ताट बाजूला सारलं. पुढे कित्येक दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. वडापाव खाऊन येई, भिंतीकडे तोंड करून झोपे. आणि ती बिचारी रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवी.

त्याचा राग खोटा नव्हता. नवी फायबरची होडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून वडिलांची जुनी लाकडी होडीच धडधाकट करायची असं त्याने ठरवलं होतं. नऱ्ह्याला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या राकेशला गळ घालून उरलासुरला माल मिळवला. मार्केट यार्डात रात्रंदिवस टेम्पो हाकून पोटाला चिमटा काढला. बाकांखाली हवाबंद पिंपं बसवायची होती, म्हणजे होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहते; पण तेवढी ओढाताण जमेना, म्हणून ती पुढच्या वर्षावर ढकलली. सगळी भिस्त त्या निळ्या थरावर होती.

आणि गेनबांचा त्याच थराला विरोध होता. “होडी वाळवू नगंस, संतोष. कोरडी होडी उघडती,” असं ते उन्हाळ्याच्या तोंडी म्हणाले होते. संतोष तेव्हा भडकला होता. “आबा, तुमचा जमाना गेला. आता होडीला हात लावलात तर मांजरी गावात मैनाताईकडे नेऊन सोडीन.” मैनाताईचा, त्याच्या बहिणीचा, फ्लॅट सातव्या मजल्यावर. जन्मभर पाण्याच्या काठी उठलेला माणूस तिथे काय करणार? म्हातारा त्यानंतर होडीबद्दल बोललाच नव्हता.

फुगा दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी संतोष बाहेर गेल्यावर गेनबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

“सूनबाई, तू का घेतलंस अंगावर?”

“मामा, तुमचा चहा सांडला होता,” ती एवढंच म्हणाली.

म्हातारा खाली बसला. नागोराव नावाचा त्यांचा धाकटा भाऊ होता. एका वर्षी होडी उन्हात कोरडी पडून राहिली, फळ्या आक्रसल्या, सांधे उघडले आणि वरून काही दिसलं नाही. गेनबांनी स्वतः ती पाण्यात ढकलून दिली, आणि नागोराव काही परत आला नाही. तेव्हापासून होडी कोरडी दिसली की त्यांच्या छातीत धडधडू लागे. म्हणून ताडपत्रीचं टोक उचलून ते रोज संध्याकाळी आत हंडाभर पाणी ओतत होते... अख्खा उन्हाळा. फायबर चढवायच्या आधी काही दिवस तेवढे थांबले. फळ्या वरून सुकल्या. आतून त्या पाणी पिऊन टच्च होत्या.

“माजं पोर बुडू नये म्हणून वतत हुतो गं,” ते म्हणाले. “आन् म्याच...”

भाग्यश्रीने पुढ्यातलं काम थांबवलं. कारण आता तिला समजलं, आपण नेमकं काय खोटं बोललो ते. एकदाच धुतलं, पुढचंच टोक धुतलं, असं तिने सांगितलं होतं. संतोष ते खरं मानून चालला होता. तो पुढचाच तुकडा खरवडणार, सुकवणार, तेवढ्यालाच ठिगळ लावणार आणि बाकीचा तळ भक्कम आहे असं समजून भरल्या धरणात होडी घालणार! सासऱ्यांना वाचवायला गेले आणि कुंकवालाच...

“मामा, हे सांगायला हवं त्यांना.”

“सांगतो. माज्या तोंडानंच सांगतो. तू नगं बोलूस. मला दोन दिस दे.”

तिने दिले. दोनाचे चार झाले, चाराचे चाळीस झाले. रोज संध्याकाळी गेनबा घसा खाकरत, संतोष वर बघे, आणि म्हातारा म्हणे, “हवा बरी हाय आज.” मग संतोष म्हणे, “हो, फुकट आहे म्हणून.” आणि ती ताट झाकायला आत जाई. रात्री तिला होडीचा तळ दिसे. एक फुगा, दोन फुगे, मग सगळाच तळ उकळत्या दुधासारखा वर येतोय... ती दचकून उठे, शेजारी झोपलेल्या नवऱ्याच्या श्वासाकडे कान लावी. स्वतःच सांगून टाकावं असं शंभरदा ओठांवर येई. पण वचन दिलं होतं ना! आणि खरं सांगू? वचनापेक्षाही तिला त्या हळू आवाजाची भीती वाटत होती.

होडी उतरवायचा दिवस उजाडला. धरण काठोकाठ भरलं होतं. संतोषने होडीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. ठिगळ सुंदर बसलं होतं. बाकीचा तळ ऊन लागून चकाकत होता. भाग्यश्रीने पुढे होऊन दोर धरला.

“अहो, आज नका जाऊ.”

“का? अजून कुठलं टोक धुवायचं राहिलंय?”

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. गेनबांचे ओठ हलले... पण शब्द फुटला नाही. आणि तिने... तिने दोर सोडला. होडी पाण्यावर डुलत निघून गेली.

दुपारी सिंहगडाच्या बाजूने वारा सुटला. रस्त्यालगतच्या टपऱ्यांवरचे कागद उडू लागले, धरणावर पांढरे तुरे उठले. काठावर माणसं गोळा झाली तेव्हा भाग्यश्री धावतच गेली. दूर, पाण्याच्या मधोमध, संतोषची होडी एका अंगाला कललेली होती. तिच्या कुशीला निळं काहीतरी लोंबत होतं. फायबरचा थर ठिगळाच्या मागून सुटला होता आणि शिडासारखा पाणी धरून होडीला एका बाजूला ओढत होता. वल्हं सोडून संतोष त्या बाजूला पालथा पडला होता, दोन्ही हातांनी तो थर होडीला दाबून धरत होता. प्रत्येक लाटेसरशी पाणी आत येत होतं.

“काप की रं ते!” शेजारचा मच्छीमार शंभू काठावरूनच ओरडला. “मोकळी हुईल होडी!”

“का कापत न्हाई त्यो?” गेनबा पुटपुटले. “सुरी हाय त्याच्याकडं.”

भाग्यश्रीला उत्तर ठाऊक होतं. जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं!

“त्यांना वाटतंय खालच्या फळ्या कोरड्या आहेत,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “सांधे उघडलेले असतील, थर कापला की क्षणात पाणी भरेल, असं वाटतंय त्यांना. मीच तसं सांगितलंय, मामा. मीच.”

 धोतर खोचून गेनबा सरळ शंभूच्या होडीत चढले. भाग्यश्रीला पोहता येत नव्हतं, होडीत ती कधी बसली नव्हती; पण शंभू नको नको म्हणेपर्यंत ती आत होती. शंभूने वल्ही मारायला सुरुवात केली. पाणी तोंडावर आदळत होतं आणि ती मनात एकच घोकत होती, पोचू दे... एवढ्यापुरतं पोचू दे...

हाकेच्या अंतरावर येताच म्हातारा उभा राहिला. शंभू बस म्हणत होता, तरी उभाच राहिला.

“संतोष! पानी म्या घातलं हुतं! सूनबाईनं न्हाई! अख्खा उन्हाळा वतलं, सगळ्या होडीत वतलं! फळ्या फुगल्यात, लेकरा, घट्ट हायत! काप ते!”

संतोषने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला ऐकू आलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. एवढे दिवस ज्यांनी त्याला खोटंच सांगितलं, त्यांच्या शब्दावर जीव कसा टाकावा? त्याची नजर वडिलांवरून बायकोकडे वळली. ती ओली चिंब, होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसलेली. ती काही ओरडली नाही. तिने फक्त मान हलवली... हो.

त्याने सुरी काढली.

निळा थर सुटून पाण्याखाली गेला. होडी एक हिसका देऊन सरळ झाली.  उघड्या, काळपट फळ्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी पाझरलं. तेवढंच पाझरलं. संतोष डब्याने आतलं पाणी उपसत राहिला आणि शंभूने दोर टाकून होडी ओढायला घेतली.

ते काठावर उतरले. माणसं पांगली. गेनबा दगडावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, “मला मैनाकडं सोडून ये. मला आता हितं ऱ्हायाचं तोंड न्हाई.”

संतोष त्यांच्यासमोर उभा होता. अंगावरून पाणी निथळत होतं, तळहात फायबरने चिरले होते. “नागोकाकाचं तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत?” शंभूने वाटेत त्याला तेवढं सांगितलं होतं, म्हाताऱ्याच्या पिढीतल्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं, घरात तेवढं त्याला ठाऊक नव्हतं.

“तू इचारलं न्हाईस.”

“आणि तू?” तो भाग्यश्रीकडे वळला. “दीड महिना मी तुझ्या हातच्या अन्नाला शिवलो नाही. एकदा तरी म्हणायचंस, की मी केलं नाही म्हणून. आज सकाळी दोर धरला होतास तेव्हा म्हणायचंस. मी मेलो असतो, भाग्यश्री.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.  “चांगलं करतेय असं वाटत होतं मला. मामांसाठी करतेय म्हणून मोठेपणा वाटत होता. पण दोर सोडला तो मीच. त्याची माफी मी मागणार नाही, तेवढं माफ होण्यासारखं नाही ते.”

संतोषने आपल्या चिरलेल्या तळहातांकडे पाहिलं. मग अगदी हळू, त्याच जुन्या हळू आवाजात, त्याने विचारलं, “पाण्याची एवढी भीती वाटत होती दोघांना... तरी बोलला नाहीत. मग माझी किती वाटत असेल?”

गेनबांनी नजर चोरली. वाऱ्याने पाणी काठावर आपटत होतं. भाग्यश्रीला वाटलं, नाही म्हणावं. दमलेला आहे, मरणाच्या दारातून आला आहे, आज एवढं खोटं चालेल...

“जास्त,” ती म्हणाली. “पाण्यापेक्षा जास्त.”

तो आडदांड माणूस मट्कन खाली बसला. चिरलेले हात त्याने तोंडावर घेतले आणि खांदे गदगदू लागले. गेनबा उठले, दोन पावलं आले, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. भाग्यश्री त्याच्या शेजारी बसली. चिखल होता, तरी बसली.

“अजून वाटते?” बऱ्याच वेळाने त्याने खाली बघतच विचारलं.

तिने विचार केला. खरं तेच सांगायचं होतं.

“वाटते. पण आता सांगेन,” ती म्हणाली, आणि त्याचा रक्ताळलेला हात तिने आपल्या पदरात घेतला.