देवाला सांगितलेला लेप

पोरांनो, आधी एक कोडं सोडवा. एक वस्तू तुमच्या घरात तयार झाली. तुमच्याच माणसाने केली, तुमच्याच पाट्यावर वाटली, तुमच्याच हातांना लावली. आणि एक दिवस पत्र येतं की ही वस्तू तुमची नाही, दुसऱ्याची आहे, उद्यापासून केलीत तर कोर्टात खेचू. चोरी झाली म्हणावं तर डबा फडताळात तसाच भरलेला. मग गेलं काय आणि नेलं कुणी?

हे कोडं मला २०६३ सालच्या चैत्रात पडलं. पत्र वाचलं आणि मी उंबऱ्यावरच बसले. आमच्या घरात मी बसलेली कुणी फारशी पाहिलेली नाही.

आमची, म्हणजे धुऱ्यांची, काजू फोडायची शेड आहे, वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. काजू फोडणारी यंत्रं आता घरोघरी आहेत, पण ती गराचे दोन तुकडे करतात. अख्खा, डाग न पडलेला गर हवा असेल तर माणसाचा हात लागतो. माझ्याकडे सात बायका आहेत. काजूच्या टरफलात काळा चीक असतो, तो हाताला लागला की कातडी भाजते, काळी पडते, सोलून निघते. आमच्या कांता परबच्या बोटांचे ठसे त्यात पुसून गेले होते. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात, जिथे जाईल तिथे यंत्र म्हणायचं, ओळख पटली नाही. कांता म्हणायची, "मी जिवंत आहे हे माझ्या घोवाला माहीत आहे, सरकारला नाही."

त्यावर उपाय म्हणून मी हाताला चुना लावायला सांगितला. माझी आई लावायची. कांताचे हात आणखी भाजले. उजवा इतका, की आठ दिवस ती भाकरी डाव्या हाताने थापत होती.

माझी नात शाल्मली, आम्ही तिला शालू म्हणतो, तेव्हा बारा वर्षांची. तिने मला समजावलं, आणि मला कुणी समजावलेलं मला आवडत नाही, तरी ऐकलं. काजूच्या चिकात आम्ल (चिंच-लिंबात असतो त्या जातीचा, पण कातडी जाळणारा पदार्थ) असतं. चुना हा त्याच्या उलट गुणाचा, आम्लारी (आम्लाला मारून शांत करणारा पदार्थ). दोघं भेटले की एकमेकांचा जोर उतरवतात. इथपर्यंत माझी आई बरोबर होती. पण चुना म्हणजे भाजलेली शिंपली. भाजली की तिचा जोर इतका वाढतो की ती आम्लाला मारतेच, वर कातडीलाही जाळते. शालू म्हणाली, "आजी, शिंपली भाजूच नको. कच्चीच दळ."

तिने कालवांच्या कच्च्या शिंपल्या पिठासारख्या दळल्या. नुसतं पीठ हाताला चिकटेना. भिरंडेलात, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलात, मळलं तर ओघळू लागलं. मग खाडीची चिकणमाती घातली. अकरा वेळा कृती फसली. बाराव्या खेपेला लेप हातावर दुसऱ्या कातडीसारखा बसला. अख्खा हंगाम बायका तो लावून बसल्या आणि एकीचंही बोट सोललं नाही. तेव्हा मी कुणाला दाखवलं नाही, पण माझी मान वीतभर उंच झाली होती.

आणि आता हे पत्र. कुठल्याशा दूरच्या कंपनीने याच लेपावर, शिंपलीच्या कच्च्या पिठासकट, पेटंट (शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षांपुरता मिळणारा हक्क, की तो शोध दुसऱ्याने विचारल्याशिवाय वापरायचा नाही) घेतलं होतं. दहा दिवसांत लेप बंद करा. कांताने हे ऐकलं आणि स्वतःचे तळवे उलटे करून पदराखाली घेतले. ते पाहून मला उठावंच लागलं.

आमच्या पंचायतीत नोंद्या आहे. तो यंत्रमानव (माणसाशी बोलून त्याची कामं करणारं यंत्र). माठासारखं डोकं, तीन चाकं, आणि कायद्याचं सगळं पाठ. मला बघून म्हणाला, "या आजीबाई." मी म्हटलं, आजीबाई तुझ्या कारखान्यातली, मला काकी म्हण. त्यानंतर तो काकी म्हणतो.

मी त्याला विचारलं, हे पेटंट नावाचं सोंग काढलं कुणी आणि कशाला. तो रागावत नाही, हा त्याचा एकच गुण. त्याने उलट विचारलं, की तुमच्या शेडमध्ये कुणाचं एखादं कसब कायमचं हरवलंय का?

हरवलंय. माझ्या सासूला काजूची बी अशी भाजता यायची की शंभरातले अठ्ठ्याण्णव गर अख्खे निघत. ती दार लावून भाजायची. मला सुनेलासुद्धा दाखवलं नाही, कारण मी माहेरी सांगेन अशी तिला भीती. ती गेली, तिच्याबरोबर तेही गेलं.

नोंद्या म्हणाला, "हे होऊ नये म्हणून पेटंट आहे. शोधणाऱ्याने दार उघडायचं, कृती शेवटच्या चिमटीपर्यंत लिहून जगापुढे ठेवायची. बदल्यात वीस वर्षं हक्क त्याचा. वीस वर्षांनी सगळ्यांचा. भीती गेली की माणूस सांगतो, आणि सांगितलेल्यावर दुसरा पुढचा शोध लावतो."

म्हणजे माझ्या सासूवरचं औषधच म्हणायचं. हे मला पटलं आणि पटल्याचा राग आला. मी म्हटलं, मग कंपनी वीस वर्षं स्वतः लेप करणार नाही आणि आम्हालाही करू देणार नाही, असं झालं तर या बायकांनी हातांचं काय करायचं? नोंद्या म्हणाला, तसंही होतं. काही जण हक्क घेतात आणि त्यावर नुसते बसून राहतात. काही जण असं कुंपण घालतात, की त्यापुढचा शोध लावू पाहणाऱ्याला आत पाऊलच टाकता येत नाही. औषधाची मात्रा जास्त झाली की तेच बाधतं.

मग त्याने मला कामाचा प्रश्न विचारला. जी गोष्ट आधीच सगळ्यांसमोर आली आहे, तिच्यावर पेटंट मिळत नाही, मिळालं असलं तरी रद्द करता येतं. त्याला पूर्वज्ञान (आधीच जगजाहीर झालेली माहिती) म्हणतात. कंपनीने अर्ज पौषात केला. त्याआधी तुम्ही ही कृती बाहेर कुणाला सांगितली होती का?

मला हा माझ्या तोंडावरचा आरोप वाटला. मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं की शेडच्या बाहेर एक अक्षर गेलेलं नाही. बायकांकडून तुळस हातात देऊन शपथ घेतली होती.

नोंद्याने माझा शब्द न् शब्द टिपून घेतला. मग म्हणाला, "मग काकी, हक्क त्यांचा. तुम्ही सांगितलं असतं तर वाचला असतात."

जन्मभर मी पोरींना दम दिला की घरातलं बाहेर बोलू नका. आणि हे यंत्र सांगतंय की न बोलल्यामुळे गेलं.

तेवढ्यात शालूने माझा पदर ओढला. "आजये, जत्रेतलं गाऱ्हाणं?"

तुमच्यातल्या शहरी पोरांसाठी सांगते. आमच्याकडे जत्रेत गावचा मानकरी देवापुढे उभा राहून प्रत्येक घराचं मागणं मोठ्याने मांडतो, ते गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्याला सगळा गाव हुंकार देतो. कार्तिकातल्या जत्रेत मीच मानकऱ्याला मागणं पढवलं होतं, कारण देवाला अर्धवट सांगून चालत नाही, आणि नातीचं कौतुक गावाने ऐकावं असंही मनात होतं.

मी शालूला दटावलं. देवाला सांगितलेलं लोकांना सांगितलेलं कसं होईल?

नोंद्याच्या डोळ्यांचे दोन्ही दिवे मोठे झाले. देवळाच्या खांबावर जत्रा टिपणारं यंत्र आहे, त्यातून त्याने तो आवाज काढला. पंचायतीच्या खोलीत मानकऱ्याचा खर्ज घुमला. "बा देवा रवळनाथा, धुऱ्यांच्या ह्या नातीन कालवांची शिंपी कच्चीच दळून, भिरंडेलात मळून, वर खाडयेची चिकणमाती घालून जो लेप केल्यान, तेका यश दी रे म्हाराजा." आणि मागून चारशे माणसं, "व्हय म्हाराजा."

नोंद्या म्हणाला, चारशे साक्षीदार, तारीख पौषाच्या दोन महिने आधीची, कृती पूर्ण. कंपनीने इथून उचललं की तिथल्या कुणाला स्वतः सुचलं, मला ठाऊक नाही. एकच गोष्ट दोघांना सुचू शकते. कायदा तारीख बघतो.

मी देवाला हात जोडणार, इतक्यात शालूने विचारलं, मग पेटंट आता मला मिळेल? नोंद्या म्हणाला, नाही. जे सगळ्यांना कळलं ते आता कुणाचंच नाही. तुझंही नाही.

पोरांनो, जोडायला उचललेले हात मी खाली घेतले. माझ्या बढाईने आमचे हात वाचले होते आणि त्याच बढाईने माझ्या नातीचा हक्क घालवला होता. शालूने खिडकीतून खाडीपलीकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू दे. पलीकडच्या गावातल्या बायकांचेही हात भाजतात."

कंपनीच्या पेटंटला आव्हान द्यायच्या अर्जावर, जत्रेत हजर असलेल्या एका साक्षीदाराचा अंगठा हवा होता. कांता पुढे झाली आणि मागे हटली. यंत्र मला ओळखत नाही, म्हणाली. मी म्हटलं ठेव. तिने काचेवर अंगठा ठेवला. एकदा लाल दिवा लागला. शालूने तिचा अंगठा स्वतःच्या परकराला पुसला. कांताने पुन्हा ठेवला. दिवा हिरवा झाला आणि नोंद्या बोलला, "कांता महादेव परब. ओळख पटली."

सात वर्षांत पहिल्यांदा. कांता अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. त्यावर बारीक रेघा उगवल्या होत्या. लेपाची एवढी मोठी साक्ष कुठल्याच कागदात नव्हती.

ते पेटंट पावसाळ्याआधी रद्द झालं. लेप आता तीन तालुक्यांत करतात, काही जणी आमच्यापेक्षा बरा करतात, हे मी इथे लिहिते आहे, पण तोंडाने म्हणणार नाही.

शालू मग पाण्यात न विरघळणाऱ्या लेपाच्या मागे लागली. परवा तो साधला. मी जत्रेच्या मागण्यासाठी मानकऱ्याकडे निघाले, तर तिने दाराला हात आडवा लावला. म्हणाली, आधी नोंद्याकडे अर्ज, मग देवाकडे गाऱ्हाणं. हक्क मिळाला तर काजू फोडणाऱ्या कुठल्याही बाईला अडवायचं नाही, असंही ती लिहून देणार आहे.

देवाच्या आधी यंत्र. मी चप्पल घातलेलीच दारात उभी राहिले. मग चप्पल काढली, आणि तिच्याबरोबर पंचायतीत गेले तेव्हा पुन्हा घातली. रस्ताभर चौघींनी विचारलं, काकी, कुठे निघालात, नवीन काय? मी कुणालाही काही सांगितलं नाही. आयुष्यात एवढं जड काम मी दुसरं केलेलं नाही.