व्हॉल्व्ह जुळेपर्यंत

माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी एक तरुण उकिडवा बसला होता आणि मान वाकडी करून टायरकडे बघत होता. मला वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी गाडीखाली गेलं असेल. मी मदतीला वाकले, तेवढ्यात वायपरखाली खोचलेली पावती दिसली... आणि माझी मदतीची हौस तिथल्या तिथे फिटली.

तो उभा राहिला. निळा गणवेश, छातीवर पार्किंग निरीक्षकाचा बिल्ला. सकाळ धुक्याची होती आणि त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब जमले होते. दंडाची पावती फाडणाऱ्या माणसाच्या पापण्या इतक्या लांब असू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या रस्त्यावर गाडी सलग तासभरच उभी करता येते. मी ती दातांच्या दवाखान्यासमोर लावली होती, मावशीला घेऊन आले होते म्हणून. पण खुर्चीत बसायची वेळ आली तेव्हा मावशीच्या लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. डॉक्टर हातात काय घेतायत ते दिसल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, असं तिनं जाहीर केलं. म्हणून मी गाडी काढली, घरी गेले, चष्मा घेऊन आले. नशिबानं तीच जागा अजून मोकळी होती, तिथंच परत लावली. म्हणजे माझा तास नव्यानं सुरू झाला होता.

हे सगळं मी त्याला एका दमात सांगितलं. तो मध्ये एक शब्दही बोलला नाही, त्यामुळे मी जास्तच चिडले. मग त्यानं शांतपणे आपली पद्धत समजावली. फेरी मारताना तो प्रत्येक गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचा हवा भरायचा व्हॉल्व्ह कुठं आहे ते टिपून ठेवतो, फोटोही काढतो. चाक म्हणजे घड्याळ, व्हॉल्व्ह म्हणजे काटा. माझा पुढचा व्हॉल्व्ह पहिल्या फेरीत एकवर होता, मागचा सातवर. आत्ताही एकवर आणि सातवर. गाडी हलून परत आली असती तर दोन्ही चाकं नेमकी तशीच थांबणं जवळजवळ अशक्य.

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी तसं म्हटलं नाही," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह तसं म्हणतोय."

एरवी मी कुरकुरत दंड भरून मोकळी झाले असते. पण ती गाडी साधी नव्हती. टपावर मावशीच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. मावशीचे गुडघे आता क्लचला कंटाळले होते आणि शाळा ती माझ्या हाती देणार होती. त्यासाठी मला शिकवण्याचा परवाना हवा होता, आणि तो मिळण्याआधीचं वर्ष एकाही दंडाशिवाय गेलेलं असावं लागतं. पावती कायम झाली की माझं आणखी एक वर्ष जाणार, आणि तोवर मावशी शाळा दुसऱ्या कुणालातरी विकून टाकणार. मावशी साक्षीला तयार होती, पण मी गेले-आले तेव्हा ती आत खुर्चीत होती, तीही चष्म्याविना. चष्मा आला हे तिला माहीत होतं, पण तो गाडीनं आला की रिक्षानं, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

मी हरकत नोंदवायला त्यांच्या कचेरीत गेले. तिथं तोच बसला होता. सुनावणीत कचेरीच्या बाजूनं तोच बोलणार, असं कळलं. अर्ज घेऊन त्यानं विचारलं, मी घरी कुठल्या रस्त्यानं गेले, कुठल्यानं परत आले, वळणं किती घेतली... मी फणकाऱ्यानं विचारलं की एवढं खोदून विचारायचं कारण काय.

"असं खरंच होऊ शकतं का, ते मला बघायचंय," तो म्हणाला. "रविवारी मला सुट्टी असते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझं खरं की खोटं यापेक्षा चाकं कशी थांबतात याचंच त्याला कुतूहल. आणि मला... मला या असल्या माणसाचं.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दवाखान्यासमोरून निघायचो, मावशीच्या दारापर्यंत जायचो, परत तिथंच येऊन थांबायचो. मग दोघं उतरून चाकांशी उकिडवे. पुढचा कधी चारवर, कधी अकरावर. मागचा भलतीकडेच. एकदा पुढचा बरोबर एकवर आला आणि मी टाळीही वाजवली, पण मागच्यानं दगा दिला. आम्ही थांबलो की समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातली करडी मांजर यायची आणि बॉनेटवर ऐसपैस पसरायची. तो तिच्या कानामागे खाजवत उभा राहायचा, आणि मला उगाचच त्या मांजरीचा राग यायचा.

गाडीत तो माझ्या शेजारी बसायचा, शिकवणाऱ्याच्या जागेवर. तिथं पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्या जागेवर बसलेला प्रत्येक माणूस वळणावर तो नकळत दाबतो. मावशी तर सिग्नल हिरवा असतानाही दाबते. याचे पाय मात्र निवांत असायचे. खिडकीबाहेर बघत तो विचारायचा, डावं वळण घेताना आतलं चाक कमी फिरतं ना? मग पुढचं-मागचं सारखं फिरत नसेल. मी म्हणायचे, तुम्ही मुलींशी नेहमी असंच बोलता का? तो गंभीरपणे विचार करून म्हणायचा, "मुलींशी फारसा बोलतच नाही. त्या पावती बघतात आणि..."

"आणि?"

"तुम्ही जे बोललात तेच बोलतात. फक्त कमी वेळ."

यात एक मोठी पंचाईत होती. जितक्या फेऱ्या मारू तितका पुरावा माझ्याच विरोधात साठत होता. शहाण्या मुलीनं पहिल्या रविवारीच हे थांबवलं असतं. पण मी शनिवारी संध्याकाळी केस धुवायला लागले होते. मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली, "हरकत पार्किंगची आहे ना गं?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी शेवटची फेरी झाली. व्हॉल्व्ह जुळले नाहीत. स्टिअरिंगवरचे हात न काढता मी विचारलं, "खरं सांगा. मी त्या दिवशी चष्मा आणायला गेले होते, यावर तुमचा विश्वास आहे?"

त्यानं खिडकीची काच खाली केली, परत वर केली. मग म्हणाला, "तिथं मला जे दाखवता येईल तेच बोलावं लागेल..."

"मी तिथलं नाही विचारत."

त्यानं तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर आला नाही. मी म्हटलं, उतरा. तो उतरला. घरी जाऊन मी मावशीला सांगितलं की शाळेला गिऱ्हाईक बघायला लाग, आणि तिच्या कुशीत डोकं खुपसून खूप रडले. शाळेसाठी रडतेय असं तिला वाटावं म्हणून मध्येच क्लच, गिअर असं काहीबाही म्हणत होते. तिला काही तसं वाटलं नाही.

सुनावणी घेणाऱ्या बाई घाईत होत्या. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, त्याचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या की व्हॉल्व्ह तर सारखेच दिसतायत, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? मला काहीच सांगायचं नव्हतं. तेव्हा तो उठला.

"मला सांगायचंय. फोटोत चाकाच्या वर बघा."

पहिल्या फोटोत बॉनेट रिकामं होतं. दुसऱ्यात, पावती लावतानाच्या, कोपऱ्यात करडी शेपूट लोंबत होती. बाई म्हणाल्या, मांजर कुठंही बसते. तो म्हणाला, ही बसत नाही. फोटोतली शेपूट दिसल्यापासून रोज कामावर जाण्याआधी तो तिच्यावर नजर ठेवून होता. ती रांगेतल्या एकेका बॉनेटला पंजा लावून बघते, गार असेल तर पुढं जाते, उबदार असेल तिथंच पसरते. त्या दिवशी ऊन नव्हतं. गाडी सकाळपासून जागची हलली नसती तर बॉनेट बर्फ झालं असतं.

"नोंद माझी आहे आणि ती चुकलेली नाही," तो म्हणाला. "पण पावती चुकली. आणि रविवारी मी यांच्या गाडीत फिरलोय, तेही लिहून घ्या."

मागं बसलेली मावशी जोरात खोकली. बाईंनी फोटो जवळ घेतला, शेपटीकडे बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. पावती रद्द झाली.

बाहेर व्हरांड्यात मावशी मुद्दाम पुढं निघून गेली. मी त्याला म्हटलं, आभार. मग न राहवून म्हटलं, मांजरीवर विश्वास बसला तुमचा, माझ्यावर नाही.

"तुमच्या गाडीत," तो हळूच म्हणाला, "माझा पाय कधी ब्रेकवर गेला का?"

मी आठवून बघितलं. माझा चेहरा गरम झाला असावा, कारण तोही कानापर्यंत लाल झाला. त्याला एवढंच म्हणायचं होतं, पण त्या दिवशी गाडीत शब्द सापडले नव्हते... घरी पोचल्यावर सापडले, आणि मग शब्दांचा काय उपयोग म्हणून तो फोटो बघत बसला.

आता खरं तर भेटायचं कारण संपलं होतं. मी म्हटलं, पण व्हॉल्व्ह जुळतात का, ते कळलंच नाही. तो लगेच म्हणाला, हो, ते राहिलंच. जुळेपर्यंत बघायला हवं.

परवाना मिळाला, पाटीवर मावशीच्या खाली माझंही नाव आलं, आणि आमचे रविवार चालूच राहिले. अहो-जाहो कधी सुटलं ते लक्षातही आलं नाही. मग परवा, थंडी उतरायला लागलेल्या एका सकाळी, मी गाडी लावली, आधी उतरले आणि वाकले. पुढचा एकवर. धावतच मागं गेले. सातवर. अगदी नेमका सातवर.

मी आयुष्यभर खरं बोलत आले आहे. त्या एका खऱ्यासाठी सुनावणीपर्यंत भांडले. पण तो दार उघडून येत होता, आणि मी चटकन उभी राहून म्हटलं, "नाही रे जुळले."

तो चाकाशी बसला. पुढचं बघितलं, मागचं बघितलं, नेहमीसारखी मान वाकडी करून, सावकाश. ज्याची नोंद कधी चुकत नाही, त्या माणसानं माझ्याकडे वर बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "थोडक्यात राहिले."

मग तो गाडीत जाऊन बसला, आणि मी परत चावी फिरवली.