टिकली लावलेला कॅमेरा

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांचे साचे बनतात. नव्या साच्याचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून गेटवर प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कागदी सील लावायचं, सुटताना ते तपासायचं, गॅलरी चाळायची, हे माझं काम. आतला फोटो सापडला की माणूस घरी. पहाटे पूजा, पोथीचा एक अध्याय, मग ही ड्यूटी. मी यात सुखी आहे.

सोमवारी सीलं संपली. उपास होता, स्टोअरपर्यंत कोण जातंय? पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं.

"ताई, फोनचं लग्न लावलंत काय?" प्रेस मशीनवरचा निशांत हसला.

"अखंड सौभाग्यवती राहू दे," मी म्हटलं.

संध्याकाळी त्याच्या फोनवर टिकली होती तशीच होती. गॅलरीत मात्र प्रेसचा फोटो होता. अगदी स्वच्छ.

निशांतचा चेहरा उतरला. "आईशप्पथ ताई, मी नाही काढला. आत्ताच पर्मनंट झालोय, कशाला असलं करीन?"

मी फोटो मोठा केला. प्रेसजवळ निशांत स्वतःच उभा होता. डावा हात बँडेजमध्ये, त्यावर ताजं रक्त. आणि तारीख उद्याची.

माझ्यासमोर त्याचे दोन्ही हात धड होते.

मी फोन भाविका मॅडमना नेऊन दाखवला. फ्लोअरची जबाबदारी त्यांची. त्यांनी फोटोवरची तारीख दोनदा वाचली.

"यानं काढलेला नाही, एवढं खरं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या त्याला पॅकिंगला टाकते. हे पुसून टाका. कुठे बोलू नका."

मी पुसला. निशांत पाया पडायला वाकला, मी त्याला अडवलं. घरी देवापुढे तुपाचा दिवा लावला. शांत झोप लागली.

मंगळवारी नवी सीलं आली. निशांतच्या फोनवरची टिकली काढण्याआधी मी सहज गॅलरी उघडली.

फोटो परत आला होता.

तीच प्रेस. तेच रक्ताळलेलं बँडेज.

माणूस दुसरा. पॅकिंगमधला, तळवलीचा पोपट.

"काय बगताय एवढं, ताई?" रांगेतून आवाज आला. "सील लावा लवकर. निशांतच्या जागी आज मी हाय प्रेसवर."

पोपट हसत होता. त्यानं फोन पुढे धरला होता, डाव्या हातात.