कात्रीबाई आणि धडपड्या

दार उघडलं ते त्याच्या पाठीने. पडद्यावरची उलटी चाल घोटत तो मागे मागे सरकत आला आणि थेट तिच्या टेबलावर आदळला. सकाळपासून ओळीने लावलेले फिल्मचे तुकडे जमिनीवर पसरले.

"अहो, डोळे आहेत कुठे तुमचे?"

"पाठीला असते तर... आधीच आलो असतो."

मूकपटांचा लाडका नट नि दिग्दर्शक, प्रेक्षकांचा 'धडपड्या', तो हाच! फिल्म कापून जोडणाऱ्या तिला त्याने त्याच दिवशी 'कात्रीबाई' करून टाकलं. पडद्यावर अवाक्षर न काढणारा हा प्राणी तिच्या खोलीत मात्र अखंड बडबडे. "हे पडणं जरा लांबवा." लांबवलं, की "छे, आखूडच बरं होतं!" मग खुर्चीवर उलटा बसून तिच्याकडे बघत राही.

"चित्र तिकडे आहे," ती खेकसे.

"ते पाहिलंय मी."

ती कपाळावर हात मारी. तो आला नाही की कात्री वाकडी चाले, आणि त्याचा तर तिला जास्तच वैताग येई.

दोन वर्षांनी बोलपट आले. त्याच्या आवाजाची चाचणी झाली. आवाज चिरका निघाला; रडक्या संवादाला स्टुडिओच्या मालकांसकट सगळे पोट धरधरून हसले. तिला कळेना, त्यात हसण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी तो उंबऱ्यातच थांबला. "नटाचं काम संपलं. दुसऱ्या शहरात दिग्दर्शनाला बोलावलंय. उद्या निघतो."

"बरं."

"आणि..." त्याने छातीवर हात ठेवला, तिच्याकडे बोट केलं, गुडघे टेकले—

ती उसळलीच. "दोन वर्षं माझे कान किटवलेत, आणि आता खुणा? मूकपट संपले! तोंडाने बोला!"

"हसाल तुम्ही... काल सगळे हसले."

"बोला म्हणते ना!"

"मला तुमच्याशी... लग्न करायचंय." आवाज मध्येच फाटला. तो कानापर्यंत लाल झाला.

ती हसली नाही. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.

"एवढ्याशा वाक्याला दोन वर्षं?"

"म्हणजे... हो?"

"हो! आता उठा. आणि हात सोडा माझा!"

"मी कुठे धरलाय?" तो हळूच म्हणाला.

तिने खाली पाहिलं. हात तिनेच धरला होता. तिने तो सोडला नाही.