बदली घर

"आत्या, तुझ्या यादीत कधी भूत निघालंय का गं?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली आणि मी भर जेवणात विचारलंसुद्धा. मी हल्ली कुणाला घाबरत नाही. आत्या पोट धरून हसली. तो मंगळवार होता.

पुढचं बुधवारचं. लख्ख दुपारचं. यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

आत्या घरोघरी फिरून पाहणी करते. एकट्या, आजारी माणसांना मदत मिळते का, याची. तीन दिवस कुलूप दिसलं की फॉर्मवर 'बंद' लिहायचं आणि शेजारचं घर घ्यायचं. ते बदली घर.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुलपाची त्या सकाळी तिसरी खेप झाली. मग शेजारच्या काकांनी तिथेच, त्या बंद दाराला टेकून उत्तरं दिली. आत्याने मोबाइलवर रेकॉर्ड केली. शाळेतून आल्यावर मी टाइप करायला बसले, कारण आत्या एका बोटाने टाइप करते, तेही शोधत शोधत.

हेडफोन लावला.

आत्याचा प्रश्न : आठवड्यात कुणी मदतीला आलं?

आणि काकांच्या आधी...

"नाही."

बाईचा आवाज. धाप लागलेला. अगदी कानाशी.

मग काका, मजेत : हो, येतात की.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. होताच तो.

आत्याचा पुढचा प्रश्न : घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे?

"आहे... आत आहे."

काका म्हणाले, नाही.

आत्याला ऐकवलं. तिथे तर ती आणि काका दोघंच होते! तिने तडक कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, बदली घर घेतलंत, आता मागे जाता येत नाही, पाहणी बिघडते. ती विनवत राहिली, ते नियम वाचत राहिले. दहा मिनिटं. शेवटी मीच तिच्या चपला तिच्यापुढे आणून टाकल्या.

काका नवे भाडेकरू. आत कुणी असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी आधी आम्हाला वेड्यात काढलं, मग कुलूप फोडलं.

आतल्या खोलीत पलंगावर एक आजोबा. अर्धांगवायू झालेले. बोलता येत नाही, हलता येत नाही. ओठ फुटलेले. पण श्वास... चालू.

ते वाचले.

घरात ते आणि आजी दोघंच. आजी कुलूप लावून त्यांची औषधं आणायला गेल्या होत्या. दवाखान्याच्या रांगेतच कोसळल्या. तिथेच गेल्या. कोण, कुठल्या, कुणाला कळलं नाही.

सोमवारी.

रेकॉर्डिंग बुधवारचं.

कार्यालयाने ते ऐकलं आणि त्या आवाजापुढे 'व्यत्यय' लिहिलं. आजोबा कुठल्याच आकड्यात नाहीत. त्यांचं घर कागदावर अजून 'बंद'च. मी साहेबांना दोन पत्रं लिहिली. उत्तर शून्य. डोकं आपटावंसं वाटतं.

यादीत अशी आणखी एकेचाळीस 'बंद' घरं आहेत. तिथले शेजारी आपापल्या घरात बसून बोलले. त्या दारांपुढे कुणी रेकॉर्ड केलंच नाही...

झोप लागत नाही मला.

आज आई-बाबांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं, "उद्यापासून शाळा सुटली की मी आत्याबरोबर जाणार. एकेचाळीसही दारांवर. चौथ्यांदा."