कडुबाचा बॅज

भुताची गोष्ट सांगायला माझ्या सासऱ्यांना, नानासाहेबांना, लाइट जावी लागते. बजाजनगरात ती त्या रात्री गेली. गच्चीवर मी, माझा नवरा सत्यम आणि नणंद राजनंदिनी. लग्नाला सव्वा महिना झालेला. नव्या सुनेनं ऐकायचं असतं. मी ऐकत होते.

“ही ऐकीव नाय,” नाना म्हणाले. “आमच्या कचरूवर गुदरलेली हाय. अठरा जानेवारी, दोन हजार चोवीस, गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. ऑफिसनं एक बॅज आणायला धाडलं होतं त्याला, बस, एवढंच काम.”

“कुणाचा बॅज?” राजनंदिनीनं विचारलं.

“कडुबाचा. वाळूजच्या कारखान्यांत कचरूची अन् त्याची जोडी. पाइपच्या वेल्डिंगचे किरणांनी फोटो काढायचे. कडुबा हँडल फिरवायचा. सतरा फेऱ्या मारल्या की किरणांची गोळी डब्यातून बाहेर. सतरा उलट्या फेऱ्या मारल्या की परत आत. गोळी बाहेर असली की वरडायचा, ‘मागं सर, कचऱ्या!’”

छातीवरचा बॅज अंगात किती किरणं गेली ते मोजतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आकडा वाढला की माणूस त्या कामावरून बाजूला. म्हणून कडुबा बॅज घरीच ठेवायचा, दारामागच्या खिळ्याला.

“हुशार होता,” सत्यम म्हणाला.

“लई हुशार,” नाना म्हणाले. “मेला.”

त्यांनी पुढं सांगितलं.

“त्याच्या आधी सोनिया मॅडम आल्या होत्या, डॉक्टरीण. ह्या कामानं माणसाच्या रक्ताचं काय होतं, ह्याची आपल्याकडची पहिलीच पाहणी. कडुबाचं रक्त पार बिघडलेलं, अन् बॅजचा आकडा कोरा. तीनदा विचारलं त्यांनी, बॅज लावता ना? ‘लावतो की.’ मग त्यांनी लिहिलं, आजाराचा कामाशी संबंध दिसत नाही. त्या तरी काय करणार?”

एक ऑक्टोबरला कचरूनं नवा बॅज नेहमीसारखा कडुबाच्या घरी पोचवला. कडुबा दवाखान्यात होता. चार तारखेला गेला. त्याच्या बायकोला, आवडाबाईला, एकच पाहिजे होतं. ‘कामानं मेला’, एवढं कुणीतरी कागदावर लिहावं. कुणी लिहिलं नाही. घराला कुलूप घालून ती देवगाव रंगारीला माहेरी निघून गेली. तो शेवटचा बॅज आतच राहिला. जानेवारीत सगळे बॅज तपासायला परत मागवले, तेव्हा कचरूनं तिच्याकडून किल्ली आणली.

“कुलूप काढलं,” नाना म्हणाले. “मोबाइलची बॅटरी लावली. दारामागं पाहिलं. खिळा रिकामा.”

“मग?”

“खुंटीला कडुबाचा कामाचा शर्ट होता. बॅज त्याच्या खिशाला लावलेला. कचरूनं तो काढून घेतला. तेवढ्यात आतल्या खोलीतून... कर्र.”

नानांनी हवेत मूठ गोल फिरवली.

“हँडल. कर्र... कर्र... कचरू मोजत राहिला. सवय. पंधरा. सोळा. सतरा.”

खाली कुठंतरी कुत्रं भुंकून गप्प झालं.

“मग थांबलं. आता उलट्या फेऱ्या यायच्या. कचरू वाट पाहत उभा. एक मिनिट. दोन... नाय आल्या.”

राजनंदिनी माझ्याजवळ सरकली.

“अंधारातून कुणीतरी बोललं. हळू. मागं सर, कचऱ्या.”

कचरू रस्त्यावर कसा आला, ते त्याला आजही सांगता येत नाही. बॅज मात्र मुठीत होता.

“तपासून आला,” नाना म्हणाले. “कुलुपात पडलेला बॅज. आकडा हद्दीच्या पार. कडुबाच्या सात वर्षांच्या कामाचं एकदम भरल्यावाणी. आवडाबाई तो कागद घेऊन पळत सोनिया मॅडमकडं गेली. मॅडमनी तारीख पाहिली. ‘बाई, माणूस गेला चार ऑक्टोबरला. हा आकडा डिसेंबरअखेरचा. मेलेल्या माणसाचा आकडा मी कुठं धरू?’ रडल्या म्हणे त्या. पण पाहणीत धरला नाय.”

लाइट आली. सत्यम हसला. “नाना, भूत तरी वेळेत यायला पाहिजे होतं.”

सत्यम तेच काम करतो. आमच्या दारामागंही एक खिळा आहे, त्याला त्याचा बॅज. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, ओळखपत्र असेल, जपून ठेवतोय.

रात्री मी तो बॅज त्याच्या शर्टाला लावून ठेवला. सकाळी त्यानं काढला, माझ्यादेखत खिळ्याला अडकवला.

“आकडा वाढला तर कामावरून काढतील, येडे.”

रिकाम्या खिशानं गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरला. मी दार लावून घेतलं.

खिळा रिकामा होता.