बाळ बघायला या

ए केतन, तो मोबाईल खिशात टाक. आणि रिया, भीती वाटत असेल तर आत्ताच आत जा. मग मध्येच माझा हात धरायचा नाय. ही गोष्ट माझ्या भाच्याची, सुभाषची. उलव्याला राहतो तोच. खोटी वाटली तर त्याला विचारा. सांगणार नाय तो, पण विचारा.

चैत्र चालू होता. माधुरीला, त्याच्या बायकोला, सातवा महिना. आपट्याला माहेरी तिच्या आईकडे आंब्याची पेटी द्यायची, एवढंच काम. आधी दोनदा तिचं पोटातच गेलेलं, त्यामुळे सुभाष ताकही फुंकून पीत होता. गाडी तर बैलगाडीपेक्षा हळू. पेटी दिली, जेवणं झाली, तेव्हा माधुरी म्हणाली, एवढं आलोच आहोत तर धरणाच्या कडेकडेने फिरत जाऊ, घरात बसून जीव आंबलाय माझा.

कुठलं धरण ते विचारू नका, रात्री त्याचं नाव घेत नाय मी. पण रस्ता काय सांगू! बहावा पिवळाधमक फुललेला, सावरीचा कापूस गाडीच्या काचेवर येऊन बसतोय, पाण्यावर बगळे. दिसेल तिथे थांबायचं, फोटो काढायचा, पुढे निघायचं. माधुरी खूप दिवसांनी हसत होती म्हणून सुभाषही घाई करीना. असं करता करता उन्हं उतरली.

एका वळणावर जनी नावाची कातकरीण करवंदं विकत बसलेली. सुभाष तिच्याकडे थांबला, माधुरी खाली पाण्याकडे गेली. पाणी आटलं होतं, जुन्या घरांची जोती उघडी पडलेली. करवंदं घेऊन सुभाषने मान वर केली, तर माधुरी एका जोत्यापुढे ओढणी पसरून उभी. बोलतेय, मान हलवतेय. समोर कुणी नाय.

ती वर आली ती खुशीत. कपाळावर कुंकू, ओढणीत भिजवलेले हरभरे. म्हणाली, किती माया केली हो त्या बाईंनी. चैत्रातलं हळदीकुंकू म्हणून ओटी भरली. त्यांचेही दिवस भरत आलेत.

जनीने टोपली खाली ठेवली.

“तिला काय बोललीस तू?”

“काय बोलणार? रीत असते ती. म्हटलं, बाळ बघायला या आमच्याकडे.”

जनी उठली. मग सुभाषला बाजूला घेऊन म्हणाली, धरण झालं तवा हितलं गाव उठलं. समदी गेली. दिवस भरलेली एक बाय तेवढी घर सोडीना. बाळंत होऊ द्या, मग जाते, म्हणायची. त्या रात्री पाणी चढलं आणि... जनी टोपली उचलून चालायला लागली.

सुभाषने हरभरे पाण्यात टाकले आणि गाडी अशी काढली की खड्डे बघितले नाय. वाटेत माधुरीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं. त्या दिवसापासून माधुरीची झोप गेली. रात्री उठून बसायची, पोटावर हात ठेवून. सुभाषचा जीव टांगणीला. एकदा ती माझ्याजवळच म्हणाली, मामा, मला तिची भीती वाटते, आणि तिचं वाईटही वाटतं.

मुलगी झाली. गोरीगोमटी, धडधाकट. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची आणि रात्रभर जागायचं. सटवाई नशीब लिहायला येते ना त्या रात्री, बाळाला एकटं ठेवत नाय. आषाढातली नवमी होती, बुधवारची रात्र. घरात सुभाष, माधुरी आणि तिची आई. समई लावलेली.

दिवेलागणीपासून पोर रडत होती. दूध घेईना. रडून रडून निळी पडायला लागली. डॉक्टरांना फोन झाला, ते म्हणाले, लगेच घेऊन या. सुभाषने गाडीची चावी उचलली...

तेवढ्यात लिफ्ट वर आली.

दार उघडल्याचा आवाज. मग मिटल्याचा. पावलं नाय. बेल नाय. पण दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, हे तिघांनाही कळलं. कसं ते विचारू नका.

सुभाषने कडी घट्ट धरली.

माधुरी पोरीला घेऊन उठली. हळदीकुंकवाची कोयरी उचलली.

“दार उघडा.”

“वेडी झालीस?”

“मी बोलावलंय तिला. दारातून रिकामी पाठवली, तर काय घेऊन जाईल ती?”

सुभाष हलला नाय. पोर किंचाळत होती. मग... तिचा आवाजच बसला. नुसतं तोंड उघडं.

सुभाषने कडी काढली.

बाहेर कुणी नाय. लॉबीतला दिवा चालू. समोरच्यांच्या चपला. माधुरीने कोयरी पुढे धरली. हात तसाच... बराच वेळ तसाच.

“या,” ती म्हणाली. “मुलगी झाली.”

समईची ज्योत हलली नाय. वारा नाय. फक्त थंडावा... ओल्या मातीचा वास... दारातून आत. माधुरीच्या अगदी जवळ.

पोर गप्प झाली.

सुभाषला वाटलं, पोर गेली. धावला. छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. पोर टक्क जागी, माधुरीच्या खांद्यावरून कुठेतरी बघत होती.

मग लिफ्ट खाली गेली.

पोरीने दूध घेतलं, झोपली. उजाडेपर्यंत माधुरीने तिला मांडीवरून खाली ठेवलं नाय. सुभाष दाराला पाठ लावून बसला. डोळ्याला डोळा कुणाचाच लागला नाय.

सकाळी आंघोळ घालायला आजीने दुपटं सोडलं आणि तशीच थांबली. म्हणाली, काजळ कुणी आणलं गं घरात? कुणीच नाय. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, डबीसुद्धा नव्हती.

पोरीच्या डाव्या तळपायाला तीट लावलेली होती. अजून ओली.